बाविसावं मिनिट

आप्पा गाडीत बसण्याआधी चपला काढायचे. उंबऱ्याबाहेर काढतात तशा, नीट जोडीनं, टाचा भिंतीकडे करून. मग आत बसून अनवाणी पायानं एकदा क्लच, एकदा ब्रेक, एकदा ॲक्सिलरेटर दाबून बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हं, जागी आहे."

ती गाडी कुठेही जायची नाही. सातपूरच्या आमच्या कारखान्यात धुराची चाचणी घेण्याची एक बंद खोली होती. गाडी तिथे जाड पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली असायची आणि तिची मागची चाकं लोखंडी रोलरवर जागच्या जागी फिरायची. समोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असे, चढायची, उतरायची, मध्येच शून्यावर यायची. ड्रायव्हरनं त्या रेघेबरहुकूम गाडी चालवायची. मागच्या नळीतून धूर यंत्रात जायचा आणि यंत्र त्यातले विषारी वायू मोजायचं. चाचणी वीस मिनिटांची. गाडी त्यात पास झाली, तरच तिचं मॉडेल बाजारात जाणार.

आप्पा सतरा वर्षं त्या खोलीत गाडी चालवत होते. त्यांचं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच; सगळा विभाग त्यांना आप्पाच म्हणायचा. ते मूळचे सटाण्याकडचे. तरुणपणी कांद्याचे ट्रक चालवलेले, पुढे पाठीनं दगा दिला म्हणून कारखान्यात आलेले. एरवी आमच्यासारखं मराठी बोलायचे, पण मन हललं की अहिराणी बाहेर यायची.

मी तिथे लागले तेव्हा इंजिनिअरिंगचा निकाल लागून तीन महिनेही झाले नव्हते. पहिल्या दिवशी मी दार उघडलं तर आतून आवाज आला, "काही पांघरायला आणलंय का?" बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापत होतं. चाचणीच्या खोलीत मात्र हवा ठरावीक थंड ठेवावी लागे. आप्पा बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून गाडीत बसले होते. तो स्वेटर ते भर उन्हाळ्यात सायकलच्या कॅरिअरला लावून आणायचे. रस्त्यात कुणी हसलं तर सांगायचे, "आमच्याकडे हिवाळा आहे."

तेव्हा माझ्याकडे स्वेटर नव्हता. त्यांनी मफलर काढून दिला आणि म्हणाले, "ताई, आकडा बघायच्या आधी ऐकायचं. यंत्र आकडा मागाहून देतं. गाडी आधीच बोललेली असते."

त्या दिवशी चाचणी संपवून ते खाली उतरले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ओझर आलं."

मला वाटलं चेष्टा करतात. ती चेष्टा नव्हती. एका चाचणीत दहा-अकरा किलोमीटर व्हायचे. सातपूरहून आडगाव नाका, मग ओझर, पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा असं करत आठ-नऊ चाचण्यांत आप्पा मनानं घरी पोचायचे. पोचले की त्या दिवशी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास सुरू. साफसफाईवाल्या मावशींपासून सगळेजण त्यांना विचारायचे, "आज कुठवर, आप्पा?" आणि ते अगदी गंभीरपणे सांगायचे, "पिंपळगावला द्राक्षाच्या गाड्यांनी रस्ता अडवलाय. उशीर झाला."

यात एकच अडचण होती. चाचणी संपली की गाडी बंद करायची असा नियम, पण दोन गावांच्या मध्येच गाडी थांबवणं आप्पांना पटायचं नाही. "माणूस थांबतो कुठं? गावात, नाहीतर झाडाखाली. असं उघड्या माळावर गाडी सोडून कुणी उतरतं का?" असं म्हणून ते पुढचं गाव येईपर्यंत मिनिट-दीड मिनिट जास्तच चालवायचे. डिझेल फुकट जातं म्हणून साहेब रागवायचे. आप्पा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्यांचा हात मात्र असा होता की मी तसा पुढे कधी पाहिला नाही. चाचणीनंतर पडद्यावरची रेघ आणि प्रत्यक्ष वेगाची रेघ एकावर एक छापून येत. इतरांच्या कागदावर दोन रेघा दिसायच्या. आप्पांच्या कागदावर एकच.

शनिवारी ते एसटीनं घरी जायचे. बसमध्ये ड्रायव्हर दिसणार नाही अशीच जागा धरायचे, कारण ड्रायव्हर दिसला की यांचा पाय खालच्या पत्र्यावर ब्रेक दाबत राही. एकदा उशीर झाला म्हणून मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून सीबीएसच्या एसटी स्टँडवर सोडलं. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ताई, आता दुसऱ्यात घ्या." माझ्या स्कूटीला गिअरच नव्हते. हे सांगितल्यावर ते वाकून हँडलकडे बघत म्हणाले, "तरी घ्या."

आप्पा गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्र्यंबक नाक्याला लाल दिवा लागला की अजून मला कानाशी कुणी बोलेल असं वाटतं.

पिकअपचा प्रकार घडला माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. कंपनीनं डिझेलवर चालणारी एक छोटी मालवाहू पिकअप काढली होती. ओझं चांगलं ओढायची, डिझेल कमी खायची. सटाणा, कळवण, लासलगाव या भागात ती धडाधड खपली. एकट्या आप्पांच्या गावात त्यांच्या शब्दावर अकरा जणांनी घेतली. "मी रोज चालवतो, मला माहीत आहे," असं त्यांनी पारावर बसून सांगितलेलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या पिकअपची त्या दिवशीची चाचणी संपली. वायू मोजून झाले, आकडे उत्तम आले. पण आप्पा अजून देवळ्याच्या बरेच अलीकडे होते, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवत राहिले. मी काचेपलीकडे कागद आवरत होते. अचानक त्यांनी आतून हात वर केला. गाडी चालूच होती.

"ताई, ते यंत्र चालू आहे का अजून?"

"आहे. का?"

"बघा त्याच्याकडे."

मी पाहिलं. वायूंचा आकडा सरसर वर चढत होता. मर्यादेच्या कितीतरी वर गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं यंत्र बिघडलं.

आप्पा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "बावीस मिनिटं झाली आणि गाडी एकदम मोकळी झाली. इतका वेळ माझ्या पायाखाली काहीतरी तिला धरून होतं, ते सुटलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी खोटं बोली ऱ्हायनी, माय." गाडी खोटं बोलते आहे.

आम्ही ती चाचणी सलग तीन दिवस घेतली. तिन्ही वेळा बाविसाव्या मिनिटाला तेच. गाडीतल्या संगणकात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की चाचणीचा वेळ सरला की धूर स्वच्छ करणारी यंत्रणा जवळजवळ बंद करायची. म्हणजे ओढ वाढते, डिझेल वाचतं, गिऱ्हाईक खूश. वीस मिनिटं गाडी शहाण्यासारखी वागणार, आणि पुढे आयुष्यभर रस्त्यावर विष सोडत फिरणार.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाचणी किती मिनिटांची आहे?"

"वीस."

"मग एकविसाव्या मिनिटाला गाडी काय करते, हे आपल्याला कुणी विचारलंय का?"

ते पुढे म्हणाले, "हे वरून आलेलं आहे. तुम्ही नवीन आहात. त्या म्हाताऱ्याला सांगा, वीस मिनिटं झाली की गाडी बंद करायची."

मी आप्पांना तसं सांगितलं. ते बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"लिलाव झाला की कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथं बाया खाली बसून कांदा निवडतात. पिकअपवाला गाडी मागं घेत घेत त्यांच्यापाशी आणतो. सायलेन्सर बरोबर त्यांच्या तोंडाशी. गाडी बंद नाही करत, कारण लगेच निघायचं असतं. अशा दिवसाला कितीतरी गाड्या." त्यांनी कप आणखी लांब सरकवला. "आमची कारभारीण तिथंच बसते. आणि त्यातल्या अकरा गाड्या माझ्या सांगण्यावरून आल्यात."

त्या दिवसापासून त्यांनी गावांची नावं घेणं बंद केलं. कुणी "आज कुठवर?" विचारलं तर म्हणायचे, "कुठंच नाही. इथंच आहे."

चाचणीच्या प्रत्येक कागदावर तळाला शेरा लिहायची एक चौकट असते. तिथे ड्रायव्हर 'ओके' लिहून सही करतो आणि त्याखाली इंजिनिअर सही करतो. आप्पा तिथे आपल्या गोल अक्षरात लिहू लागले : 'गाडी सव्वीस मिनिटे चालविली. बाविसाव्या मिनिटास बदल. धूर वाढतो.' प्रत्येक पिकअपच्या कागदावर हेच वाक्य, आठ महिने. साहेबांनी तो तळ कधी वाचला नाही. शेरा कोण वाचतं? मी वाचायचे. आणि त्याच्या खाली माझी सही करायचे. मला तेव्हा वाटायचं, आप्पा जे करतात त्यात माझाही थोडा वाटा आहे. खरं म्हणजे मी फक्त माझी नोकरी करत होते.

आठ महिन्यांनी मुख्य कार्यालयातून कागद तपासायला एक अधिकारी आले. ते मराठी होते. त्यांनी तळापर्यंत वाचलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आता चहा नव्हता. एक मजकूर तयार होता. 'सदर चालक वयोमानामुळे ठरलेल्या रेघेबाहेर गाडी चालवतो. त्यामुळे त्याच्या चाचणीचे आकडे व शेरे विश्वासार्ह नाहीत.' खाली माझं नाव छापलेलं होतं आणि सहीपुरती जागा रिकामी.

"साहेब, त्यांची रेघ..." मी म्हणाले.

"मला माहीत आहे त्यांची रेघ," साहेब म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमची नोकरी कायम व्हायची आहे ना अजून?"

मी सही केली. पेन खाली ठेवेपर्यंत मला काही वाटलं नाही. जिना उतरताना मी मध्येच एका पायरीवर बसले.

आप्पांची बदली गोदामाबाहेरच्या आवारात झाली. तयार गाड्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत लावायच्या, एवढंच काम. बदलीच्या कागदासोबत त्यांना माझा जबाबही दाखवला होता, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी ते खोलीत आपला स्वेटर न्यायला आले. मी यंत्रामागे काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. ते दाराशी थांबले.

"ताई," ते म्हणाले, "चाचणी झाली की गाडीपुढचा मोठा पंखा बंद करायला विसरत जाऊ नका. मोटार जळते."

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

गावी जाऊन आप्पांनी काय केलं, ते मला पुढे काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं सांगितलं. ते रोज एक याप्रमाणे त्या अकरा घरी गेले. प्रत्येकाच्या ओसरीवर बसून सांगितलं, "मी शब्द दिला होता तो खोटा निघाला. ही गाडी लबाड शे." लोक हसले. गाडी ओढते, डिझेल वाचवते, मग धुराचं काय घेऊन बसलात? एकानं विचारलं, "आप्पा, कंपनीनं काढलं म्हणून राग का?" ते चहा न पिताच उठले आणि बाराव्या दिवशी खळ्यावर गेले. तिथे त्यांनी एक काम स्वतःच लावून घेतलं. गाडी मागे आली की तिच्यासमोर उभं राहायचं आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "बंद कर. बाया बसल्यात." कुणी बंद करायचे, कुणी शिव्या घालायचे. आप्पा रोज जायचे.

पुढे दोन वर्षांनी ते सगळं उघडकीला आलं. सरकारकडून तपासणारी माणसं आता गाडीला यंत्र बांधून ती रस्त्यावरच चालवू लागली होती. खोलीतले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. चौकशी लागली. जुने कागद खोक्यांतून बाहेर निघाले आणि आठ महिन्यांचे ते शेरे टेबलावर आले.

"ही खालची सही तुमची?" चौकशीला आलेल्या बाईंनी मला विचारलं.

"हो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"आणि हा जबाब? चालक रेघेबाहेर जातो म्हणून?"

मी उठले, कपाट उघडलं आणि आप्पांच्या वेगाच्या रेघांचे छापील कागद त्यांच्यासमोर पसरले. त्यांनी एक घेतला, चष्मा वर केला, उजेडात धरला. "यात रेघ एकच दिसते," त्या म्हणाल्या.

"दोन आहेत," मी म्हणाले. त्यांनी तो कागद बाजूला काढून ठेवला. त्या संध्याकाळी मी पहिला जबाब खोटा असल्याचं लिहून दिलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. माझी नोकरी गेली. साहेब आधीच दुसऱ्या शहरात दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले होते; त्यांना एक-दोनदा बोलावलं म्हणे. पिकअपचं उत्पादन बंद पडलं, तिचे भाग बनवणाऱ्या सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांत एकेक पाळी कमी झाली. कंत्राटी पोरांना आधी घरी पाठवलं. त्यांच्यातला एकजण मला चहाच्या टपरीवर भेटला. "मॅडम, धूर काय आजचा आहे का?" एवढंच म्हणाला.

विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांच्यातला तो लबाड हिशेब पुसला. त्यासरशी गाड्यांची ओढ कमी झाली आणि त्या डिझेल जास्त खाऊ लागल्या. आप्पांच्या गावचे अकरा जण आता त्यांच्या दारात आले. "चांगली गाडी बिघडवली तुम्ही," म्हणून. आप्पांनी सगळ्यांना बसायला घोंगडी टाकली आणि निमूट ऐकून घेतलं.

नोकरी गेल्यावर चार महिन्यांनी मी आप्पांच्या गावी गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीनं खळ्याची वाट दाखवली. कांद्याच्या ढिगाशी ओळीनं बाया बसल्या होत्या. त्यातली एक बाई पदर नाकाला धरून उठली आणि माझ्याकडे निरखून पाहू लागली.

"नाशिकची ना तू? ती सहीवाली?"

"हो काकू."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते बाजारात गेलेत. येतील. थांबायचं तर बस." आणि आपल्या शेजारी पोतं सरकवलं. मी बसले. त्यांनी न बोलता दाखवलं, कोणता कांदा कुठल्या ढिगात टाकायचा. एक पिकअप मागे मागे येत आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली. धूर तोंडावर आला. मी मोजत आलेले ते वायू. मला पहिल्यांदाच त्यांना वास असल्याचं कळलं. काकूंनी मान फिरवली नाही, फक्त पदर आणखी वर ओढला.

आप्पा आले ते गाडीसमोर जाऊन "बंद कर रे" असं ओरडतच. मग मला पाहिलं. जवळ आले, कांद्याच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाले, "सडका कांदा चांगल्यात टाकलास बघ."

आम्ही खळ्यामागच्या लिंबाखाली बसलो. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले होते. एवढंच म्हणाले, "आप्पा, तो जबाब..."

"माहीत शे."

"खूप रागावला असाल."

"हो तर." ते खरं सांगायचे, नेहमीप्रमाणे. "सहा महिने. रोज सकाळी दात घासताना तुला शिव्या द्यायचो. हिला विचार. मग एक दिवस विसरलो. दुसऱ्या दिवशी आठवलं की काल शिव्या द्यायच्या राहिल्या. द्यायला लागलो तर राग सापडेना. तूच तेवढी आठवत होतीस. मफलर गुंडाळून बसलेली." मग म्हणाले, "करमत नव्हतं गं इथं."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि एका वाटसरूला लिंबाच्या बुंध्याशी थुंकला म्हणून रागे भरून आले.

निघायची वेळ झाली तेव्हा काकू हात धुऊन आल्या. "जेवूनच जा. बाजरीची भाकरी टाकते. किती वेळ लागतो?"

"शेवटची बस चुकेल काकू. पुढच्या खेपेला नक्की."

"थांब ना," आप्पा म्हणाले. "सकाळी जा."

"आई वाट बघेल," मी म्हणाले. खरं तर आईला मी उशीर होईल असं सांगूनच निघाले होते. तिथे त्या दोघांसमोर ताटावर बसायचं मला धैर्य होत नव्हतं, इतकंच.

आप्पा स्टँडपर्यंत आले. मला खिडकीची जागा मिळाली. ते खिडकीखाली उभे राहिले, काही बोलणार असं वाटलं, तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला. "पुढच्या खेपेला लवकर ये," ते म्हणाले. मी हो म्हणाले. ती पुढची खेप झालीच नाही. मोबाईल वाजत होता म्हणून खाली वाकून पिशवीत हात घातला. तो रुमालाखाली, डब्याखाली, कुठेतरी तळाशी गेला होता. सापडेपर्यंत वाजायचा थांबला. मी वर पाहिलं तेव्हा गाडीनं वळण घेतलं होतं.